रिकाम्या घराचं बिल

वीजबिल हारालाम्बिए दुम्ब्रावा यांच्या नावानं यायचं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यांच्या घरात आम्हाला राहायला येऊन आठ. पाण्याचं बिल त्यांच्याच नावाचं, गॅसचंही. खाली जिन्याशी टपालाची पेटी होती, तिच्यावरच्या पत्र्यात त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि ते काढायचं नाही अशी सांदूची ताकीद होती.

सांदू हा त्यांचा मुलगा, आमचा घरमालक. मालक म्हणायचं आपलं, कारण घराचा एकही कागद आम्ही त्याच्या हातात कधी पाहिला नाही. चावी देताना त्यानं तीन गोष्टी सांगितल्या होत्या. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला, रोख. बिलं आम्हीच पोस्टात जाऊन भरायची, मुदत न चुकवता. आणि कुणी विचारलंच तर आम्ही त्याच्या बायकोकडचे लांबचे नातेवाईक. पावतीचं काय, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं असं मला आठवतं. माझी बायको आग्लाया म्हणते, उघडलं नव्हतं, नुसता घसा खाकरला होता. तिचंच खरं असणार. आमच्या दोघांच्या पेन्शनीत ब्रॅइला शहरात दुसरं घर बसत नव्हतं एवढं मात्र नक्की.

दोन वर्षांपूर्वी आग्लायाची फुप्फुसं थकली. तेव्हापासून पलंगाशेजारी एक यंत्र असतं. ते हवेतला प्राणवायू गाळून नळीनं तिच्या नाकात सोडतं, दिवसाचे सोळा तास. वीज गेली की ते शिटी मारायला लागतं. मग कोपऱ्यातली लहान टाकी जोडायची. ती भरलेली असली तर तासभर पुरते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वीज कंपनीचं पत्र आलं. ग्राहक हयात नसल्याचं नोंदीत आढळलं आहे, तरी वारसानं कागदपत्रांसह कार्यालयाच्या खिडकीवर हजर राहावं, नाहीतर तीस दिवसांनी पुरवठा बंद करण्यात येईल. मी ते पत्र तीनदा वाचलं. माझा वाचण्यावर विश्वास आहे, पण तीनदा वाचूनही त्याचा अर्थ बदलला नाही.

"नऊ वर्षांनी कळलं होय त्यांना," आग्लाया म्हणाली. "त्यांचाही काय दोष. वेळेवर बिल भरणारा माणूस मेलाय असं कोण म्हणेल?"

मी सांदूला फोन केला. एरवी तो एक तारखेशिवाय फिरकायचा नाही, पण 'पत्र' हा शब्द ऐकून त्याच संध्याकाळी आला. नेहमीसारखा बूट घालूनच स्वयंपाकघरात शिरला, पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. ते आमच्यापाशी असायला हवं होतं कदाचित, असं मी म्हणून पाहिलं.

"का? तुम्हाला आलंय? वरचं नाव वाचा, नेआ फिलिमोन."

आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला नेआ म्हणतात. सांदूच्या तोंडी त्या शब्दाला मानाचा वासही नसायचा. आतून आग्लायानं सांगितलं की तिचा श्वास या विजेवर चालतो. तो मलाच उद्देशून म्हणाला की आधीच्या भाडेकरूंना तान्हं मूल होतं आणि कुत्रा होता, पण त्यांनी एवढी कटकट केली नव्हती. मग तो खिडकीवर कधी जाणार, असं मी विचारलं. वारसाहक्काचे कागद झालेले नाहीत, त्यात अडचणी आहेत, त्या मला कळायच्या नाहीत, असं तो म्हणाला. तीस दिवसांनी ते लोक खरोखर येतातच असं नाही. सरकारी धमक्या असतात या.

"आणि तुम्ही त्या खिडकीपाशी गेलात," दाराशी थांबून तो म्हणाला, "तर त्याच दिवशी म्हातारीचा पलंग जिन्यात दिसेल. तुम्ही इथं राहताच कुठं? राहत असाल तर कागद दाखवा."

जाताना त्यानं फळीवरची झाकुस्काची बरणी उचलली. आग्लाया शरदात भाजक्या मिरच्यांचं आणि वांग्यांचं हे तोंडीलावणं करून ठेवते. तो दर खेपेला एक बरणी नेतो, विचारत नाही.

मी खिडकीपाशी गेलो नाही. रोज उद्या जायचं ठरवत होतो. असे अठरा दिवस गेले.

मग पितरांचा शनिवार आला, संत दुमित्रूच्या सणाआधीचा. त्या दिवशी चर्चच्या अंगणात गेलेल्यांच्या नावानं वाडगे वाटायचे असतात. उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून केलेला कोलिवा, वर एक लहान पाव, त्यात रोवलेली मेणबत्ती. आग्लाया दर वर्षी पाच वाडगे करते. तिचे आईवडील, माझी आई, तिचा भाऊ, आणि पाचवा हारालाम्बिएंचा. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली होती की हे आपले कोण लागतात. तिचं म्हणणं असं की ज्याची पत्रं आपण फोडतो आणि ज्याच्या नावाच्या दिव्याखाली बसून जेवतो त्याला एक वाडगा गहू देणं काही फार नाही.

या वर्षी तिला जिना झेपणार नव्हता. मी एकटा गेलो.

एरवी वाडगे ती द्यायची, मी मेणबत्त्या धरायचो. द्यायची रीत सोपी आहे. समोरच्याच्या हातात वाडगा ठेवायचा आणि हे अमक्याच्या आत्म्यासाठी असं म्हणायचं, फक्त बाप्तिस्म्याचं नाव घेऊन, कारण देवाला आडनाव लागत नाही. घेणाऱ्यानं 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो. एवढंच. चार वाडगे मी खाली मान घालून कसेबसे दिले. पाचवा उरला तेव्हा गर्दी ओसरली होती. भिंतीपाशी राखाडी कोटातली पन्नाशीची एक बाई आपली टोपली घेऊन एकटी उभी होती. मी तिच्यापुढे वाडगा धरला आणि, आता काय सांगू, घाबरल्यामुळे नाव तोंडातून आलं ते आठ वर्षं बिलावर वाचत आलो तसंच आलं. हारालाम्बिए दुम्ब्रावा, इमारत चार, जिना दोन, तिसरा मजला, घर अकरा.

तिनं वाडगा घेतला, पण बोग्दाप्रोस्ते म्हणाली नाही. ते माझे कोण, असं तिनं विचारलं. मी म्हणालो कुणी नाहीत, आम्ही आपले तिथं राहतो.

"माझ्या बापाला जेवू घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिच्या टोपलीतही तसाच कोलिवा होता, त्याच माणसासाठी केलेला. ती लुक्रेत्सिया, हारालाम्बिएंची मुलगी, सांदूची थोरली बहीण. सांदूला एक बहीण आहे हे मला तिथं कळलं आणि घरात कुणी राहतं हे तिला. दहा वर्षं ती इटलीत लोकांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालून पोट भरत होती आणि आठवड्यापूर्वी परतली होती. घर बंद आहे, गिऱ्हाईक मिळत नाही, असं भाऊ सांगत आला होता. बंद घरालाही खर्च असतो म्हणून रिकाम्या घराच्या बिलांचा अर्धा वाटा ती दर महिन्याला त्याला पाठवत होती. नऊ वर्षं.

तिनं माझा वाडगा माझ्याच हातात परत ठेवला. मेणबत्ती पेटलेली होती. घरी येईपर्यंत तिचं मेण माझ्या बाहीवर सांडलं होतं.

सोमवारी सकाळी ती आली. आल्या आल्या खोल्यांतून फिरली, कपाटाची दारं उघडून पाहिली, बापाची खुर्ची खिडकीशी असायची ती इथं कुणी आणली असं विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. आग्लायाच्या पलंगापाशी थांबून ती म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा ते हेच."

"बिळाचं भाडं भरतो आम्ही, बाई," आग्लाया म्हणाली. "आणि दिवाबत्तीचं वेगळं."

मग तिनं उशीखालून बिलांच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. वीज, पाणी, गॅस, वर्षावर्षानुसार दोऱ्यानं बांधलेला. लुक्रेत्सिया खुर्चीत बसून एकेक पावती चाळू लागली. वाचताना तिचे ओठ हलत होते. एकदा तिनं मला विचारलं की या सगळ्या आम्हीच भरल्या का, पूर्ण भरल्या का. मी हो म्हणालो. तिनं गठ्ठा पहिल्या पावतीपासून पुन्हा चाळायला घेतला.

सांदूला तिनं 'बाबांच्या घरी ये' एवढाच निरोप धाडला होता. तो आला तेव्हा पावत्यांचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता. तो बघताच त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. माझा माणसांचा अंदाज नेहमी चुकतो. तो हसला, बहिणीच्या गालाची पापी घ्यायला वाकला आणि तिनं तोंड फिरवलं तरी हसतच राहिला.

तो म्हणाला की आपण दया केली. म्हातारी माणसं, त्यात आजारी, कुठं जाणार बिचारी. फुकट राहू दिलं, वापरतील त्याची बिलं तेवढी भरा म्हटलं. बहिणीला सांगितलं नाही ते तिच्या जिवाला घोर नको म्हणून.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस," लुक्रेत्सिया म्हणाली. "आणि वर माझ्याकडून पावाचे पैसे घेतलेस."

"यांनाच विचार ना. सांगा हो नेआ फिलिमोन, माझ्या हातावर कधी एक लेउ तरी ठेवलात का भाड्याचा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ठेवला म्हणालो तर सांदू आम्हाला बाहेर काढणार. नाही म्हणालो तर आम्ही घुसखोर आणि लुक्रेत्सिया पोलिसांना बोलावणार. कुणाच्या बाजूनं बोललो तर वीज राहील, याचा मी हिशेब करत होतो आणि तो जमत नव्हता. आग्लाया काहीच म्हणाली नाही. तिला बोलताना धाप लागते, पण ते कारण नव्हतं. ती मला संधी देत होती असं मला वाटतं.

"दर महिन्याच्या एक तारखेला," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की लुक्रेत्सियानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो.

सांदूनं कागद दाखवा म्हटलं. त्याचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, विसरून राहिल्यासारखं. मग तो बाहेर गेला. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांची मीटरं आणि फ्यूज जिन्याच्या चौकात भिंतीतल्या पेटीत आहेत. पेटीचं दार कुरकुरलं, आतला दिवा गेला आणि यंत्रानं शिटी मारायला सुरुवात केली. सांदू दारात आला तेव्हा त्याच्या तळहातावर चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज होते.

"बापाच्या नावची वीज," तो म्हणाला. "बापाच्या मुलानं बंद केली. जा, तक्रार करा."

फ्यूज खिशात टाकून तो जिना उतरला.

मी टाकी जोडली. लुक्रेत्सियानं मला बाजूला सारून नळी नीट बसवली, टाकीचा काटा पाहिला. असली यंत्रं तिनं इटलीत दहा वर्षं हाताळली होती.

"पन्नास मिनिटं," ती म्हणाली. मी कोट घ्यायला वळलो, कारण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात फ्यूज मिळतात. तिनं पर्समधून कोरा कागद आणि पेन काढून टेबलावर ठेवलं. "बसा. लिहा."

मी म्हणालो, आधी फ्यूज आणतो.

"आधी लिहा. आठ वर्षं सांदूला भाडं दिलं, किती दिलं, कुठं दिलं. फ्यूज लागला, यंत्र चालू झालं की तुम्हाला परत त्याची भीती वाटायला लागेल. तुमच्यासारखी माणसं मला ठाऊक आहेत."

ती ओळख चुकीची होती असं मला म्हणता येणार नाही. तिला तो कागद भावाला कोर्टात खेचायला हवा होता. अर्ध्या बिलांसाठी, अर्ध्या भाड्यासाठी आणि इतर कशाकशासाठी, त्यातलं निम्मं माझ्या जन्माआधी सुरू झालं असावं इतकं ते जुनं वाटत होतं. आम्ही तिच्या लेखी माणसं नव्हतो, साक्ष होतो. यंत्राची शिटी चालूच होती. ती बंद करायचं बटण असतं, पण त्या वेळी ते कुणालाच सुचलं नाही.

"लिही, फिलिमोन," आग्लाया म्हणाली. "आणि सुवाच्य लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढं एक आहे. शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि सही करायच्या आधी पेन खाली ठेवलं. असं काही करीन असं मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो की एक कागद तिनंही लिहावा. वारस म्हणून उद्या सकाळी वीज कंपनीच्या खिडकीवर येईन आणि मीटर चालू ठेवायचा अर्ज करीन, असा.

लुक्रेत्सियानं पेन परत माझ्याकडे सरकवलं. "बायको तिकडे गुदमरतेय आणि तुम्ही घासाघीस करताय?"

"तिच्यासाठीच," मी म्हणालो.

पलंगावरून आग्लायानं अजून चाळीस मिनिटं आहेत म्हणून सांगितलं.

लुक्रेत्सियानं लिहिलं, पण आपल्या अटी घालून. यापुढे भाडं तिच्या हातात. ईस्टरपर्यंत राहायचं, त्यानंतर एक दिवसही नाही, ती स्वतः येऊन चावी घेईल. मी सही केली, तिनं केली. मग मी धावलो. माझ्या वयात त्याला धावणं म्हणत नाहीत. दुकानदारानं किती अँपिअरचा फ्यूज म्हणून विचारलं. मला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रकारचे चार चार घेऊन आलो. ते बसवले तेव्हा टाकीत बारा मिनिटांचा वायू उरला होता. लुक्रेत्सिया निघून गेली होती. पावत्यांचा गठ्ठाही तिनं नेला होता.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर आली, शब्दाला जागली. बापाचा मृत्यूचा दाखला, स्वतःचा जन्माचा दाखला, सगळं तिच्यापाशी होतं. खिडकीतल्या बाईनं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. नवीन करार झाला की फ्यूजच्या जागी बंद कुलपाचं मीटर बसवतात, मग कुणाला हात लावता येत नाही. तोवर आहे तसं चालू द्या. परत येताना ट्रामच्या थांब्यावर लुक्रेत्सिया माझ्याशी एवढंच बोलली की पुन्हा तिच्या बापाच्या नावानं गहू वाटलेला कळला तर ती ईस्टरचीही वाट बघणार नाही.

बुधवारी दुपारी दिवा पुन्हा गेला. मी बाहेर आलो तोवर फ्यूज नाहीसे झाले होते आणि खालच्या मजल्यावर बुटांचा आवाज ऐकू येत होता. त्या पेटीला कुलूप लावता येत नाही, शेजारच्या तीन घरांचे फ्यूजही तिथंच आहेत. मी उरलेल्यांतले दोन बसवले. मग स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणली, पेटीच्या दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर बसलो.

मला लोकांच्या नजरेत बसायला आवडत नाही. जिन्यात शेजाऱ्यांचे पाय वाजले तरी दाराआड थांबून ते गेल्यावर बाहेर पडणारा माणूस मी. आता सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत सगळी इमारत माझ्यापुढून जात होती. समोरच्या घरातल्या बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या की बायकोनं बाहेर काढलं वाटतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की जिन्यात सामान ठेवायची मनाई आहे, मग ते सामान लाकडी असो की माणसाचं. तिसऱ्या दिवशी मात्र कुणी काही म्हणालं नाही. भांडण कशाचं आहे ते तोवर तळमजल्यापर्यंत पोचलं असावं. माझी बाजू कुणी घेतली नाही, पण लोक माझ्या पायांना वळसा घालून जायला लागले.

सांदू शनिवारी आला. हातात पक्कड होती. यावेळी तो फ्यूज काढायला आला नव्हता, तारा तोडायला आला होता.

"उठा, नेआ फिलिमोन."

त्याला काय सांगायचं ते मी पाठ केलं होतं. अर्जाचा क्रमांक, शिक्क्याची तारीख, कायद्याचं एक कलमही शोधून ठेवलं होतं. त्यातलं एकही अक्षर आठवेना. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

बहिणीला काय लिहून दिलंस ते सगळं कळलंय मला, तो म्हणाला. अहोजाहो संपलं होतं. खोटी साक्ष दिली म्हणून तुला तुरुंगात घालीन. ती काय, ईस्टरला तुला रस्त्यावर टाकणारच आहे, मग पाच-सहा महिन्यांसाठी हा हट्ट कशाला. मी तेही ऐकून घेतलं. त्यात चूक काही नव्हतं. आम्ही घर गमावलंच होतं.

"तुला जिन्यावरून खाली टाकायला मला एक हात पुरेल," तो म्हणाला.

"पुरेल," मी म्हणालो.

त्यानं खुर्चीची पाठ धरून ओढली. मी दोन्ही हातांनी बैठक धरली आणि टाचा फरशीत रोवल्या. खुर्ची वीतभर सरकली, माझ्यासकट, आणि मी तिला ढकलत परत पेटीला टेकवली. त्यानं पुन्हा ओढली, मी पुन्हा टेकवली. आमचं दार उघडं होतं. आतून यंत्राची संथ घरघर ऐकू येत होती. समोरच्या बाई दार किलकिलं करून उभ्या होत्या. त्या मला मदत करायला नव्हत्या उभ्या, पण उभ्या होत्या. सांदूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पकडीकडे.

उद्या येतो, तो म्हणाला. उद्या, परवा, रोज येईन. किती दिवस बसतोस बघू.

"सहा," मी म्हणालो. "मग कुलपाचं मीटर येतं."

तो गेला. खुर्चीची लाकडी बैठक चार दिवसांत फार टोचायला लागली होती. मी आत हाक मारून आग्लायाकडे उशी मागितली. तिनं ती दारातूनच फेकली. तिची नळी तिथपर्यंतच पोचते.